ग्लिसरीनमध्ये मुरलेलं गाव

पेटीचं झाकण उचललं आणि आधी वास आला. कापूर, जुनी वर्तमानपत्रं, आणि त्यांच्याखाली काहीतरी ओलं, गोडूस. मोरावळ्याची बरणी वर्षभरानं उघडावी तसा. मग मुंग्या दिसल्या. कागदाच्या घडीतून निघून पेटीच्या कडेनं त्या निवांत चालल्या होत्या, कुणाला घाई नाही की भीती नाही.

"हात नको लावूस," आई पलंगावरून म्हणाली. "बसच्या हातांनी तशीच आलीस. आधी हातपाय धू."

मी साठीला टेकलेली बाई, देवासच्या शाळेत आयुष्यभर पोरांना हात धुवायला लावलेली. पण आईपुढे काय चालतंय! गेले, धुऊन आले.

दादानं फोन करून बोलावलं होतं. "तू ये बाई एकदा धारला. महालक्ष्म्या तोंडावर आल्यात आणि आई पेटीला कुणाला हात लावू देत नाही. मी उघडायला गेलो तर म्हणे, मुलीला बोलाव." दादा तसा गरीब स्वभावाचा, पण आईनं माझं नाव काढलं की त्याला लागतं. अजून लागतं. फोन ठेवताना म्हणाला, "तूच तिची लाडकी, तूच निस्तर."

तर त्या पेटीत आमचं गाव आहे. म्हणजे होतं.

मनावर या गावाच्या खाली, नर्मदेच्या अगदी काठावर ते होतं. आमचे पणजोबा धारच्या दरबारातून वसुलीच्या कामाला तिकडे गेले आणि नदीच्या पाण्याला भुलून तिथेच राहिले, असं घरात सांगायचे. चार मराठी घरं, बाकी सगळं निमाडी गाव. आता तिथे धरणाचं पाणी आहे. कसं आलं, का आलं, ते सांगत बसायचा मला कंटाळा आलाय. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना त्या वेळी सांगून झालं.

आमच्या घरची महालक्ष्म्यांची रीत इतरांहून थोडी वेगळी. मुखवटे दारातून आत आणताना घर दाखवतात, ते सगळीकडेच. एकीनं मुखवटा हातात घ्यायचा, पावलोपावली विचारायचं, "इथे काय आहे?" आणि घरच्या लेकीनं सांगायचं, "इथे स्वयंपाकघर आहे, इथे धान्याच्या कोठ्या आहेत." आमच्याकडे घर झालं की गावही दाखवायचं. माहेरवाशीण आली की आधी घर बघते आणि मग गल्लीत कोण कुठे राहतं ते विचारते, तसं. म्हणून महालक्ष्म्यांपुढे एका मोठ्या पाटावर गाव मांडायचं, वीतभर उंचीचं. घरं मातीची, आणि झाडंझुडपं, गवत, कुंपणं सगळी खरी, वाळवून टिकवलेली. अट एकच. जे काही पाटावर लागेल ते त्याच गावच्या मातीत उगवलेलं पाहिजे. बाहेरची काडीसुद्धा चालायची नाही. महालक्ष्म्यांपुढे खोटं गाव मांडायचं नाही, एवढंच आई सांगायची, आणि तिच्या सासूनंही तिला एवढंच सांगितलं होतं.

त्यामुळे आमच्या घरात वर्षभर काही ना काही वाळत असायचं. श्रावणात धर्मशाळेच्या भिंतीवरचं शेवाळ खरवडायला नाना, आमचे वडील, आम्हाला न्यायचे. उलथन्यानं, हलक्या हातानं, गालिचा उचलावा तसं सबंध सोडवायचं. घरी आणून माती झटकायची, एकदा धुवायचं आणि सावलीत कागदावर पसरायचं. उन्हात टाकलं की पिवळं पडलंच म्हणून समजा. दिवाळीनंतर तुळशीच्या मंजिऱ्या. वाळल्या की त्या अशा ताठ राहतात की सुरूची झाडं म्हणून उभ्या कराव्यात. माघात शेपू बियाण्याला सोडलेला असायचा, त्याच्या छत्र्या उलट्या टांगायच्या, त्या बाभळी. गिलकं वेलावरच वाळू द्यायचं आणि मग आतली जाळी फाडून हिरव्या रंगात बुडवायची, की झालं कुंपण. जुन्या आंब्याच्या सालीवरून दगडफूल काढायचं. आई त्यातलं अर्धं मसाल्याला पळवायची आणि नाना ओरडायचे, "अगं, माझं जंगल फोडणीला घातलंस!"

आमची माजघरातली दांडी म्हणजे कपडे कमी आणि गवताच्या जुड्या जास्त. अंधार असायचा तिथे. उन्हाळ्यात दुपारी मी त्या जुड्यांखाली चटईवर पडायची. वारा आला की वरून बारीक बी गळायचं, डोळ्यांत, केसांत. बाहेर कुणीतरी कपडे आपटत असायचं घाटावर, आणि तो आवाज एका दगडावरून दुसऱ्या दगडावर जाऊन परत यायचा. ती आपट आणि तिची परत येणारी आपट, यांच्यामध्ये जी थोडी जागा होती, तेवढ्यात मला झोप लागायची. तशी झोप पुन्हा कुठे लागली नाही. देवासला पंखा आहे, कूलर आहे. झोप नाही.

चिंच मात्र अवघड. गावात शिरताना पहिली तीच दिसायची, म्हणून पाटावरही पहिली तीच लागायची. तिची पानं नुसती वाळवली की झडतात, काडी तेवढी हातात राहते. शिवाय डहाळी तोडली रे तोडली की पानं मिटून घेतात, रुसल्यासारखी. नाना गावच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तोंड आलेल्या पोरांना लावायला ग्लिसरीन असायचं त्यांच्याकडे. त्यांनीच ते शोधून काढलं. एक वाटी ग्लिसरीन, दोन वाट्या गरम पाणी, त्यात डहाळीचा देठ ठेचून उभा करायचा. पाणी झाडाखालीच घेऊन जायचं, तोडल्याबरोबर डहाळी आत. पाला जून हवा, कोवळा माना टाकतो. मग ती डहाळी हळूहळू ते पाणी पिते, कॉफीच्या रंगाची होते, आणि पानं मऊ राहतात. पुढच्या वर्षीही मऊ. मी बोटांनी चाचपून बघायची आणि मला फार नवल वाटायचं. झाडापासून तोडलं तरी वाळलं नाही!

गावातल्या शेवटच्या वर्षी नानांनी काय आरंभलं होतं, देव जाणे. मी तेव्हा देवासला नांदत होते, मुलांची शाळा, माझी शाळा. सुट्टीत गेले तर घरात पाय ठेवायला जागा नाही. धामनोदहून येणाऱ्या ट्रकवाल्याला सांगून त्यांनी ग्लिसरीनचा कॅन मागवला होता. लोणच्याच्या बरण्या, कळशा, बादल्या, जे मिळेल त्यात डहाळ्या. चिंच तर होतीच, आवळा, शमी, कडुनिंब, शाळेमागचा बकाणा निंब, कुणाच्या परसातली मेंदी. गावकरी विचारायचे, "नानाजी, ये क्या कर रहे हो?" नाना म्हणायचे, "सामान बाँध रहा हूँ।"

आणि तिथेच चुकलं. डहाळी थोडे दिवस ठेवून काढायची असते. पानाला कॉफीचा रंग आला की पुरे. नाना काढेचनात. "राहू दे अजून," म्हणायचे. "मुरू दे. जितकं मुरेल तितकं टिकेल." आई चिडायची. "लोणचं आहे का ते?" पण तिच्याही मनात तेच असावं, कारण बरण्यांची तोंडं फडक्याचा दादरा बांधून बंद तिनंच केली होती. आमच्याकडे टिकवणं म्हणजे मुरवणंच. दुसरं काही कुणाला येत नव्हतं. धारला सामान आलं तेव्हा ट्रकमध्ये पलंगाआधी त्या बरण्या चढल्या.

पहिल्याच भाद्रपदात कळलं. पाट मांडला, गाव उभं राहिलं, सुंदर दिसत होतं. संध्याकाळी पाऊस लागला, हवा दमट झाली, आणि झाडांना घाम फुटला. पोटभर प्यायलेलं ग्लिसरीन पानापानातून बाहेर यायला लागलं. चिंचेच्या खाली थेंब साचले, शेवाळ चिकट झालं, मातीच्या घरांच्या भिंती ओल्या पडल्या. आई कापसाचे बोळे घेऊन बसली. एक एक पान टिपत होती. नाना खुर्चीवर बसून नुसते बघत होते.

"पुसून काय होणार," ते म्हणाले. "परत येईल ते."

आलंच. दर वर्षी आलं. महालक्ष्म्या येणार त्या नेमक्या पावसाळ्यात, आणि पावसाळा आला की आमचं गाव भिजणार. नानांनी पुढे फार वर्षं काढली नाहीत. त्यांच्यामागे आई टिपत राहिली. मातीची घरं ओलीनं ढासळली, मुंग्या लागल्या, मग बुरशी. दर वर्षी थोडं थोडं फेकावं लागायचं. आधी मेंदी गेली, मग शाळेमागचा बकाणा. पाटावर तेवढी जागा मोकळी राहायची. आई ती भरू द्यायची नाही.

या वर्षी मी कागद उलगडत गेले आणि काही राहिलंच नव्हतं. चिंचेची डहाळी उचलली तर बोटांना काळा चिकट लगदा लागला. मंजिऱ्यांचा भुगा. शेवाळ तळाला एकसंध बसलेलं, वर पांढरी लव. मी एकेक पुडी आईपुढे धरत होते. तिच्या डोळ्यांना आता धूसर दिसतं, म्हणून ती हात पुढे करायची, चिमटीत धरून बघायची आणि हात पदराला पुसायची. शेवटच्या पुडीनंतर तिनं हात पुसला नाही.

"धर्मशाळेची भिंत उंचावर होती," ती म्हणाली. "पाणी थोडं उतरलं असेल तर वरचा थर असेल उघडा. मूठभर शेवाळ मिळालं तरी मांडू. जाऊन या दोघं."

भाद्रपदात पाणी उतरतंय होय! पण हे तिला सांगणार कोण? दादानं गाडी काढली.

घाट उतरताना दोन्ही बाजूंच्या खडकांवर हिरवंगार शेवाळ होतं, पाणी झिरपत होतं त्यातून. त्यानं गाडी बाजूला घेतली.

"काय झालं?"

"हेच घेऊ का?" खडकाकडे बघत तो म्हणाला. "शेवाळ ते शेवाळ. तिला काय कळणार आहे?"

"तिला नाही कळणार."

"मग?"

"मला कळेल ना! आणि तुला नाही कळणार? महालक्ष्म्यांपुढे मी खोटं सांगू होय, इथे धर्मशाळा आहे म्हणून?"

"चिडतेस कशाला? मी आपलं विचारलं."

"विचारू नकोस असलं."

मी फार तोडून बोलले. पण मला खरंच राग आला होता, आणि त्याच्यावर नव्हता. त्यानं गाडी सुरू केली आणि मनावरला चहा पाजला, कचोरी खाऊ घातली. आमच्या दादाचं भांडण हे असं.

जिथे रस्ता संपतो तिथे एक जण कणसं भाजत बसला होता. पुढे पाणीच पाणी, मातकट, पलीकडचा काठ धुरकट. लाटा नाहीत, आवाज नाही. वाहतं पाणी आम्हाला माहीत होतं, हे नुसतं उभं होतं. मी कान देऊन ऐकलं. कपडे आपटल्याचा आवाज यावा असं वाटत होतं, इतकी मी वेडी.

"किसको ढूँढ रहे हो, भिया?" कणीसवाल्यानं विचारलं.

"घाट किधर पड़ता था यहाँ?" दादा म्हणाला.

त्यानं कणसाची काडी उचलून पाण्याकडे दाखवलं. मग जरा डावीकडे. मग हात खाली घेतला. "वहीं कहीं है। नीचे।"

आम्ही बराच वेळ उभे राहिलो. मी म्हणत होते चिंच तिथे, तो म्हणत होता, नाही, आणखी वर. काठावर टाकळा माजला होता, रानटी बाभळी उगवल्या होत्या. त्यातलं काहीच आमचं नव्हतं. निघताना दादा गाडीतून प्लास्टिकचा कॅन घेऊन आला, पँट दुमडली आणि गुडघाभर पाण्यात उतरून तो भरून घेतला. नर्मदेवरून रिकाम्या हातानं कुणी घरी जात नाही.

आईनं विचारलं, "आणलंस?"

"पाणी आणलंय," दादा म्हणाला.

रात्री आई नीट जेवली नाही. पुढचे दिवस घरात सगळ्यांनी तिच्याभोवती हळू आवाजात वावरायचं ठरवल्यासारखं केलं. वहिनीनं बिचारीनं इंदूरहून हिरव्या प्लास्टिकच्या गवताची चटई मागवली. मिनू, दादाची नात, मोबाईल घेऊन पणजीच्या पलंगावर चढली. "आजी, देखो ना, ऑनलाइन सब मिलता है. छोटे-छोटे झाडं पण आहेत. पानी में भी खराब नहीं होते."

"बघू," आई म्हणाली आणि मोबाईल डोळ्यांपाशी नेला. "छान आहेत गं. कुठल्या गावची?"

मिनूनं खाली वर बोट फिरवून बघितलं. "वो तो नहीं लिखा."

महालक्ष्म्यांच्या दिवशी सकाळी उठले तर आई पाटापाशी येऊन बसली होती. कुणाच्या आधारानं आली कोण जाणे. पाट रिकामा, धुतलेला.

"मोठी परात काढा," ती म्हणाली. "पितळेची. आणि ते पाणी ओता तीत."

वहिनी माझ्याकडे बघायला लागली. दादा म्हणाला, "आई, अगं, आरास म्हणून पाणी? लोक हळदीकुंकवाला येतील, काय म्हणतील?"

"गावावर आज जे आहे ते मांडा," आई म्हणाली. "खोटं नाही मांडायचं. उचल तो कॅन."

दादानं पाणी ओतलं. परात काठोकाठ भरली. गाळ होता पाण्यात, तो तळाशी बसेपर्यंत आम्ही सगळे तिथेच थांबलो. मला रडू आवरेना. मी पाठ फिरवून फुलांच्या करंड्या उगीच इकडच्या तिकडे केल्या. वहिनीला दिसलं असणार.

संध्याकाळी मुखवटे आणले. मुखवटा धरायचा मान आईचा, नाना गेल्यावरही तो तिनं कुणाला दिलेला नाही. एका बाजूनं वहिनीनं धरलं होतं तिला. मिनू ताटलीवर चमचा वाजवत होती. कुंकवाच्या पावलांवरून आम्ही घरभर फिरलो. आई विचारत होती, मी सांगत होते. इथे काय आहे? स्वयंपाकघर आहे. इथे काय आहे? कोठी आहे. तसं आता कोठी नाही, फ्रिज आहे, पण म्हणायचं तेच. मग आम्ही परातीपाशी आलो. खाली बसलो. आईनं मुखवटा पाण्यावर धरला.

"इथे काय आहे?"

"इथे चिंच आहे," मी म्हणाले.

आईनं मुखवटा थोडा पुढे नेला. "इथे काय आहे?"

"इथे धर्मशाळा आहे."

"इथे?"

"घाट आहे."

"इथे?"

"नानांचा दवाखाना."

नावं येत होती. माझ्या तोंडून ती एकामागून एक येत होती आणि पाणी शांत होतं, आणि मला वाटलं, आहे, सगळं आहे, काही गेलेलं नाही. दादाही खाली वाकून बघायला लागला होता. शाळा म्हणाले. बकाणा म्हणाले. विहीर म्हणाले.

आईनं मुखवटा विहिरीच्या पुढे नेला. परातीच्या डाव्या कडेला, जरा आत.

"इथे काय आहे?"

मी तोंड उघडलं. तिथे दगडफुलाचा एक पुंजका असायचा पाटावर. करडा, कडेनं हिरवट, मसाल्याचा वास येणारा. तो पुंजका मला लख्ख दिसत होता. पण तो पुंजका म्हणजे काय? कुणाचं परस होतं तिथे? कुणाचं कुंपण? गोठा? मी पुंजका बघायची आणि उत्तर आपोआप यायचं, इतकी वर्षं. आता खाली नुसतं पाणी होतं.

मी दादाकडे बघितलं. त्यानं ओठ हलवले, कपाळाला आठ्या घातल्या, आणि मान हलवली. मिनूचा चमचा थांबला होता.

आई तशीच बसून होती, हातांत मुखवटा धरून. चुकलं की ती हळूच सांगायची, लहानपणी मी अडखळले की माझ्या कानाशी येऊन पुटपुटायची. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"सांग ना गं," ती म्हणाली. "इथे काय होतं?"

रीतीत 'होतं' असं कधीच विचारत नाहीत. ती खरंच विचारत होती.